ज्युनियर टेनिसमधून प्रो सर्किटवर जाताना: १५ ते २१ वयातला प्लॅन, पायरी पायरीने

अठरावं संपत आलं, आता प्रो खेळायचं तर पुढे काय करायचं, हा प्रश्न घेऊन आईबाबा येतात तेव्हा बहुतेक वेळा दोन वर्षं उशीर झालेला असतो. मी पुण्यात कोचिंग करतो, मुलामुलींना घेऊन देशातल्या आणि बाहेरच्या स्पर्धांना जातो, आणि हे इतक्या घरांत बघितलंय की आता सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. ज्युनियर संपलं की प्रो सुरू असं होत नाही, मधली दोन-तीन वर्षं दोन्ही एकदम चालू ठेवावी लागतात. सोळाव्या वर्षाच्या आसपास पहिली मोठ्या माणसांची क्वालिफाइंग (मुख्य स्पर्धेआधीची पात्रता फेरी), अठरा-एकोणीसपर्यंत पहिला रँकिंग पॉइंट मिळवायचा प्रयत्न, आणि एकविसाव्या वर्षी नीट बसून हिशेब. हे सगळं आधी कागदावर असेल तर पैसे आणि गुडघे दोन्ही वाचतात.

आणि वेळ लागतो हो. आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने) एकदा हिशेब काढला होता की पहिला रँकिंग पॉइंट मिळाल्यापासून टॉप १०० मध्ये पोचायला किती वर्षं लागतात. पुरुषांचं उत्तर २००० साली ३.७ वर्षं होतं ते २०१३ पर्यंत ४.८ वर गेलं, बायकांचं ३.४ वरून ४.१ वर. लक्षात घ्या, ही जे पोचले त्यांची सरासरी आहे, जे पोचलेच नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. त्यामुळे कोणी "दोन वर्षांत टॉप २०० करून देतो" म्हणालं तर त्या अॅकॅडमीच्या फॉर्मवर सही करण्याआधी चार दिवस थांबा.

पहिली पायरी: आपण नक्की कुठे आहोत

अंडर १८ मध्ये महाराष्ट्रात पहिल्या पाचात, देशात पहिल्या पंधरात, हे ऐकायला छान वाटतं पण प्रो टेनिसच्या दृष्टीने त्यातून फारसं कळत नाही. एक वही घ्या आणि मागच्या बारा महिन्यांतल्या सगळ्या मॅचेस लिहून काढा. समोर कोण होतं, त्याचं वय काय, स्कोअर काय, सिंगल्स की डबल्स. मग तीन गोष्टी बघा. एक, एकूण मॅचेस किती झाल्या, कारण आपली मुलं प्रॅक्टिस खूप करतात आणि मॅचेस कमी खेळतात. दोन, जिंकण्या-हरण्याचं प्रमाण काय. साधारण दोन जिंकल्या आणि एक हरली असं असेल तर लेव्हल बरोबर निवडली आहे, सगळ्याच जिंकत असेल तर स्पर्धा सोप्या पडतायत आणि निम्म्याहून जास्त हरत असेल तर खाली यायची गरज आहे, मग त्यात अहंकार आणायचा नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वीस-बावीस-पंचविशीच्या खेळाडूंसमोर काय होतं. यूटीआर आणि वर्ल्ड टेनिस नंबर हे दोन्ही रेटिंग वयाकडे बघत नाहीत म्हणून ते इथे कामाला येतात, त्यावर पुरुष-महिला गटातले नियमित खेळाडू कुठे आहेत आणि आपण कुठे ते लगेच दिसतं.

ज्युनियरच्या यशावरून पुढचं भाकीत करणं किती फसवं असतं याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर चॅम्पियन होता, ज्युनियरमध्ये जगात पहिला होता, पण मोठ्यांच्या सिंगल्समध्ये तो जगात ८३ पर्यंत पोचला तो २०१८ मध्ये, मधली वर्षं दुखापतींनी खाल्ली, आणि पुढे त्याने डबल्समध्ये जम बसवला. उलट यानिक सिन्नर ज्युनियर रँकिंगमध्ये पहिल्या शंभरातसुद्धा कधी आला नव्हता, त्याने लवकरच मोठ्यांच्या छोट्या स्पर्धा खेळायला घेतल्या आणि १७ व्या वर्षी बेर्गामोची चॅलेंजर (मुख्य एटीपी टूरच्या एक पायरी खालची स्पर्धा) जिंकली. आता सिन्नर बघून "मग आम्हीही ज्युनियर सोडतो" असं लगेच करू नका, तो आधी स्कीइंगमधला पोरगा होता आणि इटलीत घरापासून काही तासांवर दर आठवड्याला प्रो स्पर्धा असतात. आपल्याकडे तसं नाहीये.

दुसरी पायरी: ज्युनियर रँकिंग कशासाठी हवं ते ठरवा

आयटीएफ ज्युनियर टूर १३ व्या वर्षापासून खेळता येते, ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या शेवटापर्यंत. जे ३०, जे ६०, जे १००, जे २००, जे ३००, जे ५०० आणि वर ज्युनियर ग्रँड स्लॅम अशी उतरंड आहे. आपली बरीच मुलं जे ३० आणि जे ६० मध्येच तीन-तीन वर्षं फिरत राहतात, आशियात इकडून तिकडे, दर वेळी तिकीट, हॉटेल, आणि शेवटी रँकिंग सहाशे-सातशे. ते रँकिंग प्रो सर्किटवर जवळपास काहीही उपयोगाचं नाही.

उपयोग कधी सुरू होतो ते सांगतो. ज्युनियरमध्ये पहिल्या १०० मध्ये असाल तर एम १५ आणि डब्ल्यू १५ च्या (पुरुष आणि महिलांच्या सगळ्यात खालच्या प्रो स्पर्धांच्या) मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य फेरीत, ज्युनियरसाठी राखीव जागा असतात, म्हणजे क्वालिफाइंगच्या मॅचेस वाचतात. वर्षअखेरीला पहिल्या २० मध्ये असाल तर मुलांना चॅलेंजरमध्ये आणि मुलींना आयटीएफच्या वरच्या स्पर्धांमध्ये थेट जागा मिळायच्या योजना आहेत. पहिल्या पन्नास-साठात असाल तर ज्युनियर ग्रँड स्लॅम, आणि तिथे रॅकेट कंपन्या, एजंट, कॉलेजचे कोच सगळे हजर असतात.

म्हणून माझा सल्ला असा की सतराव्या वाढदिवसाला प्रामाणिकपणे बघा, पहिल्या १५० च्या आसपास आहे का आणि वर चाललाय का. असेल तर शेवटचं ज्युनियर वर्ष पूर्ण ताकदीने खेळा, मोठ्या जे ३०० ला जा, त्याचा मोबदला मिळतो. नसेल तर ज्युनियरच्या परदेश ट्रिप्स बंद करा, फक्त देशातल्या खेळा आणि तो सगळा पैसा मोठ्यांच्या स्पर्धांकडे वळवा. हे सांगितलं की घरात नाराजी होते, कारण ज्युनियरमध्ये ट्रॉफी मिळत असते, फोटो मिळतात, पण शेवटच्या वर्षात जे ३० जिंकून हाती काय येणार हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी पायरी: आधी देशातच मोठ्यांबरोबर खेळा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आहे. एआयटीएच्या (ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या) मेन्स आणि विमेन्सच्या प्राइझमनी टुर्नामेंट्स देशभर होत असतात. ट्रेनने जाता येतं, राहायला स्वस्त लॉज मिळतं, आणि समोर येतो तो सव्वीस वर्षांचा नोकरी करणारा खेळाडू, जो तुमच्यासारखा जोरात मारत नाही पण एक फुकट पॉइंट देत नाही, स्लाइस खाली ठेवतो, ४-४ ला तुमची सेकंड सर्व्ह कुठे येणार ते त्याला माहीत असतं. ज्युनियरमध्ये विनरवर जिंकणाऱ्या मुलाला इथे पहिल्या सहा महिन्यांत खूप काही शिकायला मिळतं. दिल्लीला होणारी फेनेस्टा नॅशनल्स तर खेळायलाच हवी, तिथे ज्युनियर आणि मेन्स-विमेन्स दोन्ही गट असतात, सोळा-सतराव्या वर्षी मोठ्यांच्या गटाच्या क्वालिफाइंगला नाव घाला.

स्पर्धा नसेल त्या आठवड्यात क्लबमधल्या चांगल्या मार्करबरोबर (सभासदांशी खेळायला क्लबने ठेवलेल्या खेळाडूबरोबर) सेट खेळा. आपल्याकडच्या जिमखान्यांमध्ये असे मार्कर आहेत जे चाळिशीतही कोवळ्या पोरांना दोन सेटमध्ये धडा देतात.

महाराष्ट्रातल्या मुलांना अजून एक सोय आहे ती वापरा. पुण्यात बालेवाडीला आणि डेक्कन जिमखान्यावर, सोलापूरला, नवी मुंबईत, मुंबईत सीसीआय क्लबला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. त्या आठवड्यात खेळायला मिळालं नाही तरी जा, आणि मॅच बघण्यापेक्षा प्रॅक्टिस कोर्टवर जास्त वेळ उभे राहा, वॉर्मअप किती मिनिटं करतात, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण जिममध्ये आहे ते बघा. हिटिंग पार्टनर लागतात, ऑर्गनायझरकडे नाव देऊन ठेवा. घरच्या स्पर्धेत वाइल्ड कार्डही (रँकिंग पुरेसं नसताना आयोजकांनी दिलेली जागा) मिळू शकतं. पुण्याच्या मानस धामणेला २०२३ मध्ये १५ व्या वर्षी बालेवाडीच्या एटीपी (पुरुषांची प्रो टूर) स्पर्धेत वाइल्ड कार्ड मिळालं होतं, तो पहिल्या फेरीत हरला पण त्या वयात एटीपीच्या मेन ड्रॉमध्ये उभं राहणं हा अनुभव विकत मिळत नाही. कोईमतूरची माया राजेश्वरन तर २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये, डब्ल्यूटीए (महिलांची प्रो टूर) १२५ लेव्हलला, पंधराव्या वर्षी क्वालिफाइंगपासून खेळत सेमीफायनलला गेली.

चौथी पायरी: कागदपत्रं आणि एन्ट्री

यात मजा काही नाही पण इथे चुकलं तर स्पर्धाच हुकते म्हणून नीट वाचा.

आयटीएफचा आयपिन नंबर (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) ज्युनियरमुळे बहुतेकांकडे असतो, पण मोठ्यांच्या टूरची नोंदणी आणि फी वेगळी असते, ती दरवर्षी भरावी लागते. सोबत इंटिग्रिटीचं, म्हणजे बेटिंग-फिक्सिंगच्या नियमांचं, ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं, ते आईबाबांनी मुलाच्या जागी बसून उरकून टाकू नका, त्यात त्याला स्वतःला कळायलाच हव्यात अशा गोष्टी आहेत.

एन्ट्रीची डेडलाइन स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीचा गुरुवार, १४:०० जीएमटी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. नाव काढून घ्यायची डेडलाइन १३ दिवस आधीचा मंगळवार, तीच वेळ. फोनमध्ये रिमाइंडर लावा आणि तो मुलाच्या फोनमध्ये लावा. एकाच आठवड्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी प्रायोरिटी देऊन नाव घालता येतं, मग अॅक्सेप्टन्स लिस्ट बघायची, अल्टरनेट (वेटिंग लिस्टवर) किती नंबरवर आहे ते बघायचं आणि मंगळवारच्या आत निर्णय घ्यायचा. उशिरा नाव काढलं तर दंड बसतो. प्रत्येक स्पर्धेची फॅक्टशीट असते ती शेवटपर्यंत वाचा, कुठला बॉल, कुठलं सरफेस, समुद्रसपाटीपासून उंची, ऑफिशियल हॉटेल कुठलं, प्रॅक्टिस कोर्ट कोणाला मिळणार, गटिंगचा (रॅकेटच्या तारा ओवून घेण्याचा) दर काय, सगळं त्यात असतं. बॉल आधी कळला तर तेच डबे आणून घरी आठवडाभर खेळून जाता येतं, हे फार कमी लोक करतात.

वयाचे नियमही बघा, विशेषतः मुलींचे. अमेरिकन टेनिसपटू जेनिफर कॅप्रियातीच्या काळात कोवळ्या मुली भरडल्या गेल्या म्हणून डब्ल्यूटीएने १९९० च्या दशकात वयोमर्यादा कडक केल्या. १४ व्या वर्षी ८, १५ व्या वर्षी १०, १६ ला १२ आणि १७ ला १६ प्रो स्पर्धा अशी मूळ चौकट आहे, आणि मोजणी वाढदिवस ते वाढदिवस. चांगल्या रँकिंगवर जास्तीच्या मिळू शकतात. मुलांनाही १४ च्या आत प्रो स्पर्धा नाही. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीच्या हातातल्या बारा स्पर्धा कुठल्या, हे वाढदिवसालाच ठरवून ठेवा, सुरुवातीलाच घाईने बहुतेक संपवल्या आणि मग फॉर्म आला तेव्हा शिल्लक नाहीत असं होतं.

पासपोर्टची मुदत, व्हिसा, आणि परदेशात चालणारा मेडिकल इन्शुरन्स हे सहा महिने आधी. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत अर्धा सीझन जातो म्हणून युरोपचा प्लॅन हिवाळ्यातच करावा लागतो.

पाचवी पायरी: पहिला परदेश दौरा चार आठवड्यांचा करा

एका आठवड्यासाठी परदेशात जाऊ नका. पहिल्या आठवड्यात जेट लॅग, जेवण, कोर्टचा वेग यातच मॅच जाते, खरा खेळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो. म्हणून ट्युनिशियात मोनास्तिर, इजिप्तमध्ये शर्म अल शेख, तुर्कस्तानात अंताल्या अशा जागा सगळे निवडतात, तिथे एकाच ठिकाणी आठवड्यामागून आठवडे एम १५ आणि डब्ल्यू १५ चालू असतात, एकदा हॉटेलात सामान टाकलं की महिनाभर प्रवास नाही. चार आठवडे खेळा, मग घरी येऊन तीन-चार आठवडे फक्त ट्रेनिंग. ब्लॉक संपायच्या आधी, सलग हरतोय म्हणून, तिकीट बदलून परत येऊ नका. दुखापत असेल तर गोष्ट वेगळी.

क्वालिफाइंगमध्ये तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक असतो, लाइन कॉल (बॉल आत की बाहेर) बऱ्याचदा स्वतःच द्यायचे असतात, आणि समोरचा खेळाडू हॉटेलच्या बिलाची चिंता डोक्यात घेऊन खेळत असतो. तिथे चुकीच्या कॉलवरून वाद होतात. मुलाला घरीच शिकवा की शांतपणे सुपरवायझरला बोलवायचं, पुढच्या पॉइंटला तयार व्हायचं. हरल्यावर स्पर्धेचे उरलेले दिवस वाया घालवायचे नाहीत, हरलेले सगळे तिथेच असतात, सकाळी प्रॅक्टिस बोर्डवर नाव लिहा आणि रोज वेगळ्या देशाच्या खेळाडूबरोबर सेट खेळा. मला विचाराल तर महिन्याच्या दौऱ्यातून सगळ्यात जास्त मिळतं ते इथून.

पॉइंट्सचं गणित असं. एम १५ च्या मेन ड्रॉमध्ये एक मॅच जिंकली की १ एटीपी पॉइंट, क्वार्टरफायनलला २, सेमीला ४, फायनलला ८, जिंकलात तर १५. पुरुषांमध्ये एका पॉइंटनेही रँकिंगमध्ये नाव येतं, अर्थात दीड हजाराच्या पुढे कुठेतरी. मुलींना तसं नाही, तीन स्पर्धांमध्ये पॉइंट हवेत किंवा एकूण १० तरी हवेत, तेव्हाच डब्ल्यूटीए रँकिंग दिसतं, त्यामुळे दोन स्पर्धांत पॉइंट आले आणि यादीत नाव नाही म्हणून घाबरू नका. पॉइंट ५२ आठवड्यांनी जातात, त्यामुळे कुठल्या आठवड्यात काय मिळालं होतं त्याची नोंद ठेवा, पुढच्या वर्षी तो आठवडा रिकामा ठेवायचा नाही.

डबल्सला नाव घालाच. सिंगल्स सोमवारी संपलं तरी डबल्समुळे बुधवार-गुरुवारपर्यंत मॅचेस मिळतात, सर्व्ह, रिटर्न आणि व्हॉली सुधारते आणि थोडे पैसे येतात. रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी, २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्स जिंकून जगात पहिला झाला, त्याच्या तरुणपणीच्या ट्रेनिंगचा काही काळ पुण्यातच गेलाय. पुण्याच्या अर्जुन कढेनेही डबल्समध्येच टूरवर आपली जागा केली आहे.

सहावी पायरी: पैशाचा खरा हिशेब

आता नीट बसून वाचा, आणि आईबाबा दोघांनीही वाचा.

एम १५ म्हणजे एकूण १५,००० डॉलर, सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून. सिंगल्स जिंकणाऱ्याला दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळतात, क्वार्टरफायनलला हरणाऱ्याला साडेचारशेच्या आत, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला साधारण दीडशे, क्वालिफाइंगमध्ये हरलात तर काही नाही. त्यातूनही बऱ्याच देशांत टॅक्स कापला जातो. समजा चार आठवडे मोनास्तिरला गेलात आणि चारही आठवडे क्वार्टरफायनल खेळलात, म्हणजे नवख्या खेळाडूसाठी हे उत्तमच झालं, तरी हातात येणार पावणेदोन हजार डॉलरच्या आसपास आणि ८ पॉइंट. राहण्या-खाण्याचे रोजचे ७० युरो जरी धरले तरी २८ दिवसांचे १,९६० युरो झाले, विमानाचं तिकीट, व्हिसा, गटिंग अजून बाकीच आहे. म्हणजे चांगला खेळूनही तोटाच. हे वाईट खेळामुळे होत नाही, या लेव्हलची रचनाच अशी आहे आणि ती आधी माहीत असली की घरात हरण्यावरून होणारी भांडणं कमी होतात.

आयटीएफच्याच २०१३ च्या आकडेवारीत खर्च आणि कमाई बरोबरीला यायची ती पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाला, तेही कोचचा खर्च न धरता. वर्षाचा सरासरी खर्च तेव्हा पुरुषांचा ३८,८०० डॉलर धरला होता, आजच्या दराने तीस लाखांच्या वर. एटीपीने २०२४ पासून टॉप २५० ला किमान उत्पन्नाची हमी द्यायची योजना सुरू केली आहे, पण तिथपर्यंत पोचायचं आपल्याच खिशातून. सुमित नागल भारताचा पहिल्या नंबरचा खेळाडू असताना २०२३ मध्ये त्याने सांगितलं होतं की बँकेत ९०० युरो उरलेत. चारच महिन्यांनी तो ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवून गेला आणि त्या वर्षी ६८ वर पोचला. त्याच्यासारखा खेळाडू तिथे होता, मग आपण कोण.

मग करायचं काय. दोन ते तीन वर्षांचा एकूण आकडा ठरवा जो गेला तरी घर चालेल, बहिणीचं शिक्षण थांबणार नाही, आणि तो आकडा मुलालाही सांगा, सतरा वर्षांच्या मुलापासून पैसे लपवण्यात अर्थ नाही. घर किंवा जमीन गहाण ठेवून खेळवू नका, हे मी हात जोडून सांगतो. तीन-चार खेळाडूंनी मिळून एक कोच न्या, खर्च वाटला जातो आणि सोबतही होते. छोटं गटिंग मशीन घ्या आणि मुलाला गटिंग शिकवा, पॉलिस्टरची गट लवकर मरते, दर मॅचला रॅकेट करून घेतलं तर वर्षाला मोठी रक्कम जाते. भारतात होणाऱ्या आयटीएफ स्पर्धा एकही सोडू नका, सोलापूरला खेळायला व्हिसा लागत नाही. ग्रँड स्लॅमच्या निधीतून आयटीएफ काही खेळाडूंना ग्रांट आणि टूरिंग टीममध्ये जागा देते, निवड फेडरेशनमार्फत होते, त्यामुळे एआयटीए आणि एमएसएलटीएकडे (महाराष्ट्राच्या टेनिस संघटनेकडे) निकालांची फाइल वेळेवर पोचवत राहा. कंपन्यांकडे जाताना ट्रॉफ्यांचे फोटो नेऊ नका, वर्षाचं कॅलेंडर आणि खर्चाचा तक्ता न्या, त्याने जास्त फरक पडतो.

सातवी पायरी: खेळात आणि शरीरात काय बदलायचं

तीन गोष्टींवर जोर द्या, बाकी आपोआप येतं. सेकंड सर्व्ह, रिटर्न, आणि पहिले चार शॉट. ज्युनियरमध्ये सेकंड सर्व्ह आत पडली की काम भागतं, इथे ती आत पडून उपयोग नाही, बॉडीवर किंवा बॅकहँडवर किकने उंच गेली नाही तर समोरचा आत येऊन मारतो. मॅचमध्ये सेकंड सर्व्हवर किती पॉइंट जिंकले ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा, अर्ध्याच्या आसपास जायचं आहे.

शरीराबद्दल घाई करू नका. सोळा-सतराव्या वर्षी हाडं वाढत असतात, कंबरेचे स्ट्रेस फ्रॅक्चर आणि खांद्याची दुखणी याच काळात होतात, आणि नेमकं तेव्हाच आपण ज्युनियर, मेन्स, डबल्स, बोर्डाची परीक्षा सगळं एकदम लादतो. आठवड्याला दोन-तीन वेळा स्ट्रेंथ ट्रेनिंग, वर्षातून दोनदा तरी सलग काही आठवडे स्पर्धा बंद, आणि फिजिओला दुखल्यावर नाही, दुखायच्या आधी दाखवा. एप्रिल-मेच्या उन्हात सोलापूर-नागपूरकडे दोन मॅचेस एका दिवशी खेळवताना मीठ-पाण्याचा प्लॅन आधीच हवा. कोर्टबाहेरून कोचिंग द्यायला २०२५ पासून नियमाने मोकळीक आली आहे, पण बाबांनी त्याचा अर्थ प्रत्येक पॉइंटनंतर ओरडायला परवानगी असा घेऊ नये, दोन शब्दांत सांगता येईल तेवढंच सांगा.

आठवी पायरी: कॉलेजचा रस्ता बंद करू नका

माझं मत आता पक्कं झालंय. १८ व्या वर्षी ज्याच्याकडे मोठा स्पॉन्सर किंवा पहिल्या पन्नासातलं ज्युनियर रँकिंग नाही, त्याच्यासाठी अमेरिकन कॉलेज हा बहुतेक वेळा चांगला पर्याय आहे. कोच, जिम, फिजिओ, मॅचेस आणि डिग्री, स्कॉलरशिप मिळाली तर खर्च आटोक्यात, आणि खेळ पिकायला चार वर्षं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाला होता, २००७ आणि २००८ ला सलग एनसीएए (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) चॅम्पियन झाला आणि मग टूरवर ६२ पर्यंत गेला. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली आणि नंतर हांगझोऊ एशियन गेम्सचं मिक्स्ड डबल्स गोल्ड बोपण्णाबरोबर आणलं. समीर बॅनर्जी २०२१ ला विम्बल्डन ज्युनियर जिंकूनही स्टॅनफर्डला गेला. बेन शेल्टन, कॅमरन नॉरी, एमा नवारो सगळे कॉलेजमधून आलेत. एटीपी आता कॉलेज रँकिंगच्या पहिल्या वीस जणांना चॅलेंजरमध्ये थेट जागा देते, म्हणजे तो प्रो टेनिसचाच एक रस्ता झालाय.

त्यासाठी दहावीपासून मार्क सांभाळा, एनसीएएची नोंदणी अकरावीत करा, मॅचचे न कापलेले व्हिडिओ ठेवा, कोचना ईमेल मुलाने स्वतः लिहावा. बारावीनंतर फार काळ थांबलात तर खेळायचं एक वर्ष जाऊ शकतं. एजंटबरोबर काहीही सही करू नका आणि मिळालेल्या प्रत्येक डॉलरची आणि केलेल्या खर्चाची पावती ठेवा, प्राइझमनीचे नियम अलीकडे बदलत चाललेत म्हणून ज्या कॉलेजशी बोलताय त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. शाळेची हजेरी जमत नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी-बारावी करता येते, पण परदेशी कॉलेजला कुठले विषय चालतात ते आधी तपासा.

नववी पायरी: औषधं, बेटिंग आणि फोन

डोपिंगचे नियम एम १५ च्या क्वालिफाइंगलाही लागू आहेत. सर्दीची गोळी, जिममधल्या ओळखीच्याने दिलेली पावडर, लेबल नसलेलं चूर्ण, काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय आणि बंदी असलेल्या औषधांची यादी बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. दम्याचा पंप किंवा इतर नेहमीचं औषध असेल तर परवानगीची कागदपत्रं आधी करा.

टेनिसवर कुठेही, कितीही रुपयांची बेट लावायची नाही, स्वतःची मॅच नसली तरी नाही. सगळ्यात छोट्या स्पर्धांवरही जगभर बेटिंग चालतं, त्यामुळे हरल्यावर इन्स्टाग्रामवर घाणेरड्या शिव्या आणि धमक्या येतात, मुलींना तर जास्तच. मॅचनंतर पहिले दोन तास फोन कोचकडे. कोणी सेट सोडायचे पैसे देऊ केले तर नाही म्हणून भागत नाही, आयटीआयएला (टेनिसमधले गैरप्रकार तपासणाऱ्या संस्थेला) कळवावंच लागतं, न कळवणं हाही गुन्हा धरला जातो. हे वाक्य मुलाकडून म्हणून घ्या.

दहावी पायरी: एकविसाव्या वर्षी बसून बघा

तारीख आधीच ठरवा, हरलेल्या मॅचच्या रात्री हा निर्णय घ्यायचा नाही. मी बघतो ते असं: मागच्या बारा महिन्यांत रँकिंग वर चाललंय का, आपल्यापेक्षा शंभर-दोनशे क्रमांक वरच्या खेळाडूंना किती वेळा हरवलं, वर्षात किती आठवडे दुखापतीविना खेळला, ठरवलेल्या रकमेतलं किती उरलं. दोन गोष्टी वर आणि दोन खाली असतील तर अजून एक वर्ष द्या. सगळ्याच खाली असतील तर मुलाला आधी विचारा की त्याला काय वाटतं, आणि उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. डबल्सकडे वळणं, २१ व्या वर्षीही जमणारी डिग्री, रेल्वे आणि इतर खात्यांतला खेळाडू कोटा, महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, कोचिंगचे सर्टिफिकेट कोर्स, एवढे रस्ते तरी आहेतच. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं, म्हणजे नॅशनल्सची, राज्य संघाची, फेडरेशनची सही असलेली, ती अंडर १४ पासून एका फाइलमध्ये लावून ठेवा, कारण क्रीडा खात्याकडे पडताळणीला जाताना सात वर्षांपूर्वीचा ड्रॉ शोधून देणारं कोणी भेटत नाही.